खासगी गाइडसोबत एका दिवसाची सहल: आखणीपासून हिशेबापर्यंत

खासगी सहलीत त्या दिवसापुरते वाहन आणि गाइड फक्त तुमच्या गटासाठी असतात. मोठ्या बसमधून निघणाऱ्या सामूहिक सहलीचे वेळापत्रक सर्वांच्या सोयीने ठरते आणि एकासाठी ते मोडता येत नाही. खासगी सहलीत मात्र ते तुम्हाला ठरवता येते, आणि जास्तीचे पैसे आपण मुख्यतः याच अधिकारासाठी मोजतो. तरीही पुष्कळ प्रवासी कंपनीचा तयार कार्यक्रम जसाच्या तसा उचलतात आणि हा अधिकार न वापरताच परत येतात. एका दिवसात एखादे प्राचीन मंदिर किंवा संग्रहालय आणि त्याच्या जोडीला डोंगर, धबधबा किंवा समुद्रकिनारा पाहायचा असेल, तर आधीच्या आखणीला अधिकच महत्त्व येते. माणसाने बांधलेल्या जागांना उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात, तर निसर्ग उजेडाच्या, भरती-ओहोटीच्या आणि हवामानाच्या वेळा पाळतो. या दोन्ही वेळा एका दिवसात कशा जुळवाव्यात आणि त्यासाठी गाइडची मदत कशी घ्यावी, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

पायरी १: हाताशी किती तास आहेत ते मोजावे

ठिकाणांची यादी करण्यापूर्वी त्या तारखेला तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त किती वाजता होतो ते पाहावे. विषुववृत्ताजवळ वर्षभर सुमारे १२ तासांचा दिवस मिळतो, पण ६० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम ६ तासांचा असतो. त्यामुळे उन्हाळ्यातील प्रवाशाने सुचवलेला कार्यक्रम हिवाळ्यात चालेलच असे नाही.

त्यानंतर प्रवासाचा वेळ वजा करावा. नकाशावरील ॲप जो वेळ दाखवते, त्यात वाहन उभे करणे, तेथून दारापर्यंत चालणे, तिकिटाची रांग आणि स्वच्छतागृहासाठीचे थांबे धरलेले नसतात. चालण्याच्या वाटेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे, थांबे त्यात नाहीत. सोबत लहान मुले किंवा ज्येष्ठ व्यक्ती असतील तर तो बराच वाढवावा लागतो.

दहा तासांच्या सहलीत साडेतीन तास रस्त्यावर गेले, एक तास जेवणाला आणि एक तास किरकोळ थांब्यांना गेला, तर पाहण्यासाठी साडेचार तास उरतात. एवढ्या वेळात एक मोठे सांस्कृतिक स्थळ, एक निसर्गस्थळ आणि वाटेवरची एखादी छोटी जागा निवांतपणे पाहून होते. माझ्या मते याहून अधिक काही बसवू नये. सहा-सात ठिकाणांची यादी कागदावर भरगच्च वाटते, पण अशा दिवशी गाइडचे बहुतेक बोलणे ‘चला, उशीर होतोय’ एवढ्यावरच येते.

पायरी २: दाराच्या वेळा आणि उजेडाच्या वेळा जुळवाव्यात

आधी साप्ताहिक सुट्टी तपासावी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तर त्याच शहरातील ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडला तर इतर रविवारी बंद असतात. गर्दीच्या स्थळांवर हल्ली प्रवेशाची वेळही तिकिटावर ठरलेली असते. स्पेनमधील अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्यांच्या संकुलात नसरिद राजवाड्यांमध्ये तिकिटावर छापलेल्या वेळीच आत सोडतात आणि ते तिकीट प्रवाशाच्या नावावर असते, म्हणून ओळखपत्र सोबत ठेवावे लागते. असे वेळेचे तिकीट असलेले स्थळ कार्यक्रमात असेल, तर ते आधी पक्के करावे आणि बाकीचा दिवस त्याच्या मागे-पुढे बसवावा.

मग उजेडाचा विचार करावा. दगडातील उठावाची शिल्पे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, कारण तेव्हा प्रत्येक रेषेला सावली असते. डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट वाटते. पण यासाठी ती भिंत सकाळी उजळते की संध्याकाळी, हे गाइडलाच विचारावे. धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य पाहायचे असेल, तर सूर्य आपल्या पाठीशी आणि सपाट जमिनीवरून पाहताना क्षितिजापासून साधारण ४२ अंशांहून खाली असावा लागतो. म्हणून ऐन दुपारी ते सहसा दिसत नाही. बहुतेक वन्य प्राणी पहाटे आणि संध्याकाळच्या सुमारास अधिक हालचाल करतात. यावरून दिवसाचा एक साधा साचा तयार होतो: सकाळी लवकर निसर्गस्थळ किंवा उघड्यावरील शिल्पे, उन्हाच्या वेळी संग्रहालय किंवा इमारतीच्या आतील भाग, आणि परतीच्या वाटेवर उतरत्या उन्हातील एखादी उंच जागा.

किनाऱ्यावरील ठिकाणी भरतीचे कोष्टक पाहिल्याशिवाय वेळ ठरवू नये. बहुतेक किनाऱ्यांवर भरती दिवसातून दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे गेल्या आठवड्यात कुणी सकाळी ९ वाजता कोरडी वाळू पाहिली असेल, तर आज त्या वेळी तेथे पाणी असू शकते. फ्रान्समधील मोंत-सां-मिशेल बेटाभोवतीच्या उपसागरात भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक मोठ्या उधाणाच्या वेळी १४ मीटरपर्यंत जातो. तेथील वाळूतही पाय रुतणाऱ्या जागा आहेत, म्हणून ओहोटीच्या वेळी ती वाळू जाणकार गाइडबरोबरच ओलांडावी.

पायरी ३: गाइडची निवड करावी

या सगळ्यात अधिक वेळ द्यावा तो या निवडीला. वाहन किती आलिशान आहे याने सहलीत फारसा फरक पडत नाही. समोरच्या दगडाकडे, झाडाकडे कसे पाहावे हे समजावणारे माणूस भेटले की नाही, याने सगळा फरक पडतो. युरोपच्या मानक संस्थेने २००३ मध्ये पर्यटन-गाइडची जी व्याख्या नोंदवली, तिच्यात तीन गोष्टी येतात: पाहुण्याने निवडलेल्या भाषेत मार्गदर्शन, त्या प्रदेशाच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाचा अर्थ उलगडणे, आणि सामान्यतः त्याच प्रदेशापुरती मान्यताप्राप्त पात्रता. निवड करताना याच तीन गोष्टी पारखाव्यात.

पात्रतेविषयी प्रश्न थेट विचारावा. इटली, ग्रीस, तुर्कस्तान अशा अनेक देशांत स्मारकांमध्ये पर्यटकांना माहिती सांगण्यासाठी सरकारी परवाना लागतो. तेथे वाहन चालवणारी व्यक्ती कितीही जाणकार असली तरी परवाना नसेल तर तिला दारापाशीच थांबावे लागते. म्हणून ‘आमच्यासोबत आत कोण येणार आहे आणि त्यांच्याकडे या स्थळाचा परवाना आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. जपानमध्ये मात्र २०१८ पासून परवान्याशिवायही मोबदला घेऊन हे काम करता येते; सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या गाइडला वेगळी पदवी आहे. हिमनदी, कड्याची चढाई किंवा बर्फातील वाट यांचा समावेश असेल, तर सांस्कृतिक गाइडचा परवाना पुरेसा नाही. तेथे प्रशिक्षित पर्वत-गाइडच लागतो. एका दिवसात दोन्ही असतील तर दोन वेगळे गाइड घ्यावे लागतील, हे आधीच गृहीत धरावे.

भाषेची खात्री संदेशांवरून होत नाही, कारण संदेश भाषांतर करूनही पाठवता येतात. पाच मिनिटे फोनवर बोलावे. त्या संभाषणात माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न हा आहे: ‘आमच्या यादीतील कोणती जागा तुम्ही वगळाल आणि का?’ ज्याला ती वाट, ती गर्दी आणि तो ऋतू ठाऊक आहे, तो कारणासह उत्तर देतो. जो ‘सगळे होईल’ म्हणतो, त्याने एकतर यादी नीट वाचलेली नसते किंवा ग्राहक गमावण्याची त्याला भीती वाटत असते.

इतर प्रवाशांचे अभिप्राय वाचताना तारे मोजण्यापेक्षा मजकुरातील तपशील पाहावा. पाऊस आल्यावर गाइडने काय बदलले, कंटाळलेल्या मुलाला कसे सांभाळले, माहीत नसलेल्या प्रश्नाला काय उत्तर दिले, अशा नोंदींतून माणूस कळतो. मात्र त्या कंपनीकडे अनेक गाइड असतील, तर ज्यांचे कौतुक वाचले तेच तुम्हाला मिळणार आहेत का, हे विचारून घ्यावे.

पायरी ४: सर्व काही लेखी ठरवावे

फोनवर ठरलेल्या गोष्टी एका संदेशात लिहून पाठवाव्यात आणि त्यावर होकार घ्यावा. त्यात निघण्याची जागा आणि वेळ, गटातील माणसांची संख्या आणि वये, ठिकाणांचा क्रम, परतण्याची वेळ आणि एकूण रक्कम असावी. त्या रकमेत काय येते हे विशेष स्पष्ट करावे: प्रवेश-तिकिटे, पार्किंग, टोल, गाइडचे जेवण आणि ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाल्यास तासाचा दर. सर्वाधिक वाद याच बाबींवरून होतात. रद्द करण्याची मुदतही दोन्ही बाजूंनी असावी. तुम्ही रद्द केल्यास काय, आणि हवामानामुळे किंवा गाइड आजारी पडल्यामुळे त्यांनी रद्द केल्यास काय.

खरेदीच्या थांब्यांविषयी एक वाक्य जरूर लिहावे. अनेक ठिकाणी दुकानदार पर्यटक आणणाऱ्याला कमिशन देतात आणि त्यापायी दिवसातील तास-दीड तास सहज निघून जातो. ‘खरेदीसाठी कोणताही थांबा नको, हवा असल्यास आम्ही स्वतः सांगू’ एवढे पुरते, आणि हे आधी सांगितले तर कुणालाही अवघडल्यासारखे होत नाही.

लांब पल्ल्याची सहल असेल तर वाहन चालवणाऱ्याच्या विश्रांतीचा विचार आपणच करावा. युरोपीय संघात प्रवासी बसच्या चालकाला साडेचार तास वाहन चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. छोट्या मोटारींना तो नियम लागू नसला तरी मोजमाप म्हणून तो योग्य आहे. एकच व्यक्ती दिवसभर गाडीही चालवणार आणि माहितीही सांगणार असेल, तर चालू गाडीत तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

पायरी ५: आदल्या दिवशीची तयारी

समुद्रसपाटीपासून वर जाताना तापमान दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून खाली उकडत असले तरी १५०० मीटर उंचीवर जायचे असेल तर एक उबदार कपडा लागतोच. २५०० मीटरपेक्षा उंच जायचे असेल आणि गटात कुणाला हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. धार्मिक स्थळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. कंबोडियातील अंकोरच्या प्राचीन मंदिरांतही हा नियम आहे. सहलीच्या आदल्या दिवशी श्वसनसाधने लावून समुद्रात खोल डुबकी मारली असेल, तर लगेच उंच घाटात किंवा डोंगरावर जाऊ नये, कारण हवेचा दाब कमी झाल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून अपाय करू शकतो. हे कार्यक्रम आखणाऱ्याला माहीत नसते. तुम्हीच सांगावे लागते.

पायरी ६: प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी

निघताना पहिली दहा मिनिटे गाडी सुरू करण्यात घालवू नयेत. गाइडसोबत दिवसाचा क्रम पुन्हा एकदा म्हणून घ्यावा, चालकाचा फोन क्रमांक सर्वांनी नोंदवावा, आणि उशीर झाला तर कोणते ठिकाण गाळायचे हे त्याच वेळी ठरवून टाकावे. संध्याकाळी दमलेल्या गटात असा निर्णय घेणे अवघड जाते.

आपल्याला काय ठाऊक आहे आणि कशात रस आहे, हे गाइडला मोकळेपणाने सांगावे. राजांची वंशावळ नको आणि पाणी कसे आणले होते ते ऐकायचे आहे, असे म्हटले तर चांगल्या गाइडला आनंदच होतो. प्रश्न विचारताना ‘हे केव्हाचे?’ याच्याबरोबर ‘हे कशावरून कळले?’ असेही विचारावे, म्हणजे शिलालेखाचा पुरावा कोणता आणि लोककथा कोणती हे वेगळे होते. लोककथाही ऐकावी, पण ती लोककथा आहे हे जाणून. प्रत्येक ठिकाणी शेवटची पंधरा-वीस मिनिटे बोलणे थांबवून स्वतः फिरण्यासाठी मागून घ्यावीत. गाइड त्यात काहीही वावगे मानत नाहीत.

गाइड एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले तर आग्रह धरू नये. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्ये ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली, कारण रोज येणाऱ्या प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडमुळे, तसेच दिव्यांमुळे चित्रांची हानी होऊ लागली होती. भिंतीला हात न लावणे, फ्लॅश बंद ठेवणे, ठरलेल्या संख्येनेच आत जाणे, हे नियम अशा अनुभवांतून आलेले आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गवे आणि हरणांपासून किमान २३ मीटर, तर अस्वले आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. फोटोसाठी दोन पावले पुढे जाण्याचा मोह झाला तरी आवरावा, कारण तुमच्या चुकीसाठी गाइडचा परवानाही धोक्यात येऊ शकतो.

पायरी ७: हिशेब आणि अभिप्राय

गाडीतून उतरण्यापूर्वी जास्तीचे तास, राहिलेली रक्कम आणि गाइडने स्वतः भरलेली तिकिटे यांचा हिशेब पूर्ण करावा. बक्षिशी द्यायची का, आणि किती, हे प्रत्येक देशात वेगळे असते. जपानसारख्या देशात ती देण्याची रीत नाही. म्हणून हे आदल्या दिवशीच माहीत करून घ्यावे आणि चालक व गाइड वेगळे असतील तर दोघांचा विचार करावा. एक-दोन दिवसांत अभिप्राय लिहावा आणि त्यात महिना, निघण्याची वेळ, गटातील माणसांची वये, कोणते ठिकाण गाळावे लागले आणि गाइडने कोणत्या भाषेत किती सहज संवाद साधला, हे नोंदवावे. काही खटकले असेल तर ते आधी गाइडला किंवा कंपनीला कळवावे आणि मग, त्यांचे उत्तर आल्यावर, त्या उत्तरासह लिहावे.