ब्लॅकजॅकचं टेबल निवडताना आणि सोडताना होणाऱ्या चुका, एकट्यानं मोजणाऱ्यांनी या टाळा

ब्लॅकजॅक म्हणजे कॅसिनोत डीलरविरुद्ध एकवीसच्या जवळ जायचा पत्त्यांचा खेळ, आणि मोजणं म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठे जास्त आहेत का ते डोक्यात ठेवून त्याप्रमाणं पैसे लावणं. पत्ते कसे मोजायचे ते इथं सांगत बसत नाही, ते येतंय असं धरूनच चाललोय. दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला काही नाही, दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक, आणि जो चालता आकडा होईल त्याला उरलेल्या गड्ड्यांनी भागायचं, की खरा आकडा निघतो. एवढंच आहे ते. लातूरच्या आडतीवर तोंडी कट्टे-क्विंटलचा हिशोब करणाऱ्या पोराला महिन्याभरात जमतं. गाडी अडते ती कुठल्या टेबलाला बसायचं आणि तिथून कधी, कसं उठायचं इथं. मी स्वतः इथंच मार खाल्लाय म्हणून लिहायलोय.

पहिली रिकामी खुर्ची दिसली की टेकायचं

सगळ्यात मोठी चूक हीच. रात्रभर ट्रॅव्हल्सनं अंग आंबलेलं असतं, पणजीला उतरायचं, संध्याकाळी मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत पाय ठेवायचा, एंट्रीचे पैसे भरलेत म्हणून ते वसूल करायची घाई, आणि बसला गडी पहिल्याच टेबलाला. आमचे आजोबा उदगीरकडच्या हाळीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे, तर जो बैल मनात भरलाय त्याच्याकडं आधी बघायचेच नाहीत, दोन चकरा मारायचे, भलत्याच बैलाचे दात बघायचे, चहा प्यायचे, आणि मग सहज आल्यासारखं त्या दावणीला जायचे, कारण आपली नजर एका जागी अडकली की दलालाला कळतंच. कॅसिनोत शिरलात की पहिली वीस मिनिटं तेच करा.

चकरा मारताना बघायचं काय? आधी पाटी. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला तर, तीनास दोन देतात का सहास पाच. हजार लावले तर एकीकडं दीड हजार मिळतात, दुसरीकडं बाराशे. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण सहास पाचमुळं कॅसिनोचा हिस्सा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो, आणि चांगल्या नियमांच्या टेबलावर बिनचूक खेळून तो मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे मोजून मोजून जे मिळवणार ते आधीच गेलं. दुसरं, डीलर वापरलेले पत्ते प्रत्येक डावानंतर परत मशीनमध्ये घालतोय का ते बघा. तसं असेल तर तिथं मोजायला काहीच उरत नाही, पुढं चला. कितीतरी लोक अशा मशीनसमोर तास तास मोजत बसलेले बघितलेत मी, कीव येते.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे काटायचं रंगीत कार्ड, ते जिथं घातलंय तिथं पोचलं की पत्ते पुन्हा पिसतात. शू म्हणजे डीलर पत्ते काढतो ती पेटी, सहा गड्ड्यांच्या शूत ३१२ पत्ते. डीलरनं शेवटच्या दीड गड्डीपाशी कार्ड घातलं तर साडेचार गड्ड्या तुमच्या नजरेखालून जातात. अर्ध्यातच घातलं तर आकडा पिकायच्या आधीच पिसायला घेतात. चालता आकडा अधिक आठ आहे आणि चार गड्ड्या उरल्यात, तर खरा आकडा फक्त अधिक दोन. तेच आठ दोन गड्ड्या उरलेल्या असताना असतील तर अधिक चार. खऱ्या आकड्याच्या एका पायरीला साधारण अर्धा टक्का तुमच्या बाजूला सरकतो असं धरा, म्हणजे सगळी मलई शूच्या शेवटाला असते आणि कार्ड कुठं घातलंय ते लांबून उभ्यानंच दिसतं. नियम थोडे बरे-वाईट असतील तर मी चालवून घेतो, पण अर्ध्यात काटलेला शू असेल तर फुकट जेवण दिलं तरी बसत नाही.

माणसं किती हवीत यावर प्रत्येकाचं मत वेगळं. एकटेच असलात तर तासाला दोनशे डाव सुद्धा होतात, पण डीलर आणि सुपरवायझर दोघांच्याही नजरा तुमच्यावरच. सात जणांच्या टेबलावर लपायला होतं, पण तासाला पन्नास-साठ डाव म्हणजे शेत नांगरून पेरणीच केली नाही असं. मला दोन-तीन जणांचं टेबल बरं वाटतं, त्यात एखादा बोलका, मोठ्या पैशाचा माणूस असला तर उत्तमच, सगळे त्याच्याकडंच बघत राहतात.

पाठीमागं खांबासारखं उभं राहणं

मागं उभं राहून मोजायचं आणि आकडा चढला की बसायचं, ही युक्ती जुनी आहे, ब्लॅकजॅकवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्टॅनफर्ड वाँगच्या नावावरून तिला वाँगिंगच म्हणतात. आपल्याकडं चालू डावाभोवती गर्दी करायची सवय लोकांना आहेच, कॅरमच्या टेबलाभोवती चार जण कायम उभे असतात, त्यामुळं नुसतं उभं राहिल्यानं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते असं की हा बाबा पंधरा मिनिटं हाताची घडी घालून पत्त्यांकडं टक लावून उभा होता आणि बसल्या बसल्या मिनिममच्या आठपट लावले. हातात ग्लास ठेवा, पाण्याचा का होईना. मधून मधून शेजारच्या टेबलाकडं बघा. आणि चालू शूमध्ये बसता येणार नाही अशी पाटी काही टेबलांवर असते, ती आधी वाचा, नाहीतर सगळं मोजून झाल्यावर डीलर हात आडवा करतो आणि वर तुम्ही नजरेत येता ते वेगळंच.

माझी फजिती

नाव घेत नाही, पण एका बोटीवर माझा शू मस्त तापला होता, खरा आकडा अधिक चार. हजारावर रेंगाळत होतो ते एकदम दहा हजार लावले. इथपर्यंत एक चूक. दुसरी त्याहून भारी, मला बारीक आवाजात मराठीत पुटपुटायची सवय, "अधिक अकरा, अधिक बारा..." गोव्यात कुणाला कळतंय म्हणून. डीलर मान वर न करता मराठीत म्हणाला, "सर, बारा नाही, तेरा." पोरगं सावंतवाडीचं निघालं! हसत हसतच बोललं ते, पण पुढच्या मिनिटाला सुपरवायझर येऊन माझ्या खांद्यामागं उभा राहिला आणि अर्धा शू शिल्लक असताना पत्ते पिसायला सांगितले.

तर पैसे पायरीपायरीनं वाढवा. जिंकलात तर जिंकलेले वरती ठेवल्यासारखं, हरलात तर इरेला पेटल्यासारखं, कसंही, पण चांगला खेळणारा आणि तापलेला माणूस बाहेरून सारखाच दिसायला पाहिजे. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसला की त्याला ब्लॅकजॅक होईल म्हणून लावायचे वेगळे पैसे, तो एरवी कधीच नाही आणि मोठे पैसे लावले की हमखास, असंही करू नका. अधिक तीनच्या पुढं तो घेणं हिशोबानं बरोबर आहे, पण हा ठसा जुन्या सुपरवायझरला दुरून ओळखू येतो.

उठायला एकच बहाणा

खरा आकडा उणे एक-दोनच्या खाली गेला की बसून राहणं म्हणजे पैसे सांडणं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लोक बसतात, कारण उठायची लाज वाटते, किंवा "एवढे गेलेत, काढूनच उठतो" हा आपला खानदानी रोग. आणि जे उठतात ते दरवेळी फोन काढून उठतात. टेबलावर फोन चालत नाही म्हणून बहाणा चांगला आहे, खिशात थरथरला, आईचा आहे म्हणायचं, निघायचं. पण एका तासात आईचे तीन फोन आले की डीलरच विचारतो, घरी सगळं ठीक आहे ना? बदलत राहा. बाथरूम, सिगरेट, जेवणाचा बुफे बंद होईल, शेजारचा लई धूर सोडायलाय, या टेबलाला बरकतच नाही. शेवटचं सगळ्यात झकास, कारण ज्याचा शकुनावर विश्वास त्याच्यावर कुणी हिशोबाचा संशय घेत नाही. कधी कधी आकडा किंचित पडलेला असला तरी मिनिममवर शू संपेपर्यंत बसायचं, तेवढं भाडं समजायचं.

एका टेबलावर तासाच्या वर थांबू नका, भरपूर जिंकत असाल तर त्याच्याही आधी उठा. आणि एक गोष्ट परदेशातल्या सल्ल्यांत येत नाही. लास वेगासला माणूस एका कॅसिनोतून उठून चालत दुसऱ्यात जातो. मांडवीवर तुम्ही बोटीवर अडकलेले असता, छोट्या फेरीबोटीनं धक्क्यावर यायचं तेव्हा दुसरीकडं जायचं. शेजारचं टेबल म्हणजे तीच माणसं, तेच कॅमेरे. म्हणून टेबल बदलण्यापेक्षा रात्र बदला.

सोबत मित्र नेणं

एकट्यानं खेळणाऱ्यानं एकटंच जावं. आमचा एक दोस्त मागं उभं राहून ओरडला, "आता लाव की रे, आता तर चढलंय म्हणत होतास!" पुढं काय झालं ते सांगायला नको.

पिसायला लागले तरी बसून राहणं

मोठे पैसे लावले की डीलर लगेच पिसतोय, असं दोनदा झालं की तो निरोप समजा. वाद घालू नका. डोक्यात मोजणं ही फसवणूक नाही, पण पत्ते मोजणारा केन उस्टन १९८२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात जिंकला, मोजतो म्हणून कॅसिनोला हाकलता येणार नाही, तो निकाल त्या राज्यापुरता, नेवाडात आजही कॅसिनो मोजणाऱ्याला सरळ नको म्हणतो. कुणी नीट बोलून दुसरा गेम खेळा म्हणालं तर हसून चिप्स उचला. आणि मोजायला फोन, घड्याळ, कसलंही यंत्र अजिबात नको, नेवाडात १९८५ पासून तो गुन्हाच आहे.

घरून निघायच्या आधीचा हिशोब

टेबल निवडणं खरं तर इथून सुरू होतं. कॅसिनोत चिप्सच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. चिप्स घेताना तो कुणाच्या खिशातून जाणार ते काउंटरवरच विचारा, तुमच्या खिशातून असेल तर बुफे खाऊन या. शिवाय पत्त्यात जिंकलेल्या पैशावर ३० टक्के आयकर आहे आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. मोजणाऱ्याचा फायदा एक टक्क्याच्या आसपास, आता तुम्हीच गणित मांडा. मी आता वर्षातून एकदा जातो, डोकं चालवायची मजा म्हणून, आणि लावायची रक्कम सोयाबीनच्या पट्टीतून नाही तर वेगळी काढलेली असते.

सराव म्हणून गावाकडच्या क्लबात बसू नका, तिथं १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे. मोबाईलवरचे पैशाचे गेम २०२५ च्या कायद्यानं बंद झाले, आणि तसंही त्यातले बरेचसे प्रत्येक डावाला नव्यानं पिसायचे. घरी सहा गड्ड्या आणा, बायकोला किंवा पोराला डीलर करा, टीव्ही मोठ्यानं लावा, आणि शू अर्ध्यात असताना काहीतरी बोलत बोलत आकडा न विसरता उठून पाणी पिऊन या.