बॅगेतली वाटी: व्हिएतनाममध्ये स्वयंपाकाचा क्लास करायचा तर

व्हिएतनामला जाणार असाल आणि तिथे स्वयंपाकाचा क्लास करायचं मनात असेल, तर बॅगेत घरची एक वाटी टाका. रोज जिने डाळ-तांदूळ मोजता, तीच. मी माझी स्टीलची वाटी नेली होती. आज सोलापुरात माझ्या ओट्यावर बान्ह सेओ, म्हणजे त्यांचं हळदीचं धिरडं, जमतंय, त्यात त्या वाटीचा वाटा मोठा आहे.

गेल्या मार्चमध्ये मी आणि माझी थोरली नणंद, दोघीच गेलो होतो. तिला मी अक्का म्हणते. आमचं घर शाकाहारी आणि अक्का तर अंडंही खात नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून हनोई, मग दा नांग आणि दा नांगपासून साधारण 30 किलोमीटरवर होई आन. क्लास आम्ही दोन केले. पहिला फसला, दुसऱ्यात शिकलो. त्या दोन्हींमधून जे कळलं ते लिहिते आहे.

आधी कधी जायचं ते. आपल्याकडे परदेशवारी म्हटली की दिवाळीची सुट्टी धरतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात पावसाचा जोर असतो, आणि थु बोन नदीचं पाणी होई आनच्या जुन्या गावात शिरतं. दिवाळीतच जायचं असेल तर क्लास हनोईत करा, त्या दिवसांत तिथली हवा छान असते. होई आनसाठी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. त्यांचं नवीन वर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. त्या आठवड्यात बाजार आणि क्लास दोन्ही बंद असतात, ते दिवस टाळा. व्हिसा ऑनलाइन मिळतो, मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

आता क्लास निवडण्याचं. होई आनमध्ये गल्लोगल्ली क्लास आहेत आणि सगळ्यांचे फोटो सारखेच: हसणारे पाहुणे, डोक्यावर शंकूच्या आकाराच्या टोप्या, पुढ्यात रंगीत ताटल्या. फोटोंवरून काही ठरवू नका. मी एकच कसोटी लावते. इथे शिकवलेलं मला सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत मिळणाऱ्या मालावर करता येईल का? या कसोटीला काओ लाउ उतरत नाही. होई आनच्या त्या जाड, चिवट शेवया तिथेच बनतात, त्या तिथेच बसून खाव्यात, क्लासचा वेळ त्यांच्यावर घालवू नये. फो हा रश्शातल्या शेवयांचा पदार्थ, पण त्याचा सगळा जीव हाडांच्या रश्श्यात असतो. शाकाहारी माणसाने त्याच्याही मागे लागू नये. गोइ कुओन म्हणजे न तळलेले ताजे रोल, हळदीचं बान्ह सेओ आणि केळफुलाची कोशिंबीर, हे तिन्ही कसोटीला उतरतात. क्लासवाल्यांकडे पदार्थांची यादी असते, ती आधी मागून घ्या.

पैसे भरण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारा. एका वेळी किती जण असतात, आणि प्रत्येकाला वेगळी शेगडी मिळते का? हनोईतल्या आमच्या पहिल्या क्लासात आम्ही 16 जण होतो आणि शेगड्या दोन. शिकवणारे करून दाखवत होते, आम्ही मान डोलावत होतो. शेवटी प्रत्येकाने एकेक रोल गुंडाळला, फोटो काढला आणि जेवायला बसलो. अक्का बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, हात तर ओलेसुद्धा झाले नाहीत." तेव्हापासून मी सांगते, आठापेक्षा जास्त माणसं असतील तर नको. होई आनच्या क्लासात आम्ही पाच जणी होतो, प्रत्येकीपुढे शेगडी, तवा आणि खलबत्ता. माणशी 8 लाख डोंग दिले, म्हणजे साधारण 2,700 रुपये. आकड्याने दचकू नका, हजार डोंगचे जेमतेम सव्वातीन-साडेतीन रुपये होतात. नोटा देताना मात्र डोळे उघडे ठेवा. 20 हजाराची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात.

शाकाहाराचं नीट सांगते, कारण आपली माणसं इथेच अडकतात. शाकाहाराला तिथे 'चाय' म्हणतात, आपल्या चहासारखाच उच्चार. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. पण एवढ्याने भागत नाही. क्लासवाले मांस काढतात, कोळंबी काढतात आणि नुओक माम तसंच ठेवतात. हे छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं पाणी. आपण फोडणीत हिंग घालतो तितक्या सवयीने त्यांचा हात त्या बाटलीकडे जातो, आणि ते मांसाहारात मोजायचं असतं हे त्यांच्या मनातही येत नाही. पहिल्या क्लासात आमच्या 'शाकाहारी' वाटीत ते होतं. अक्काने पहिल्याच घासाला वाटी बाजूला सारली आणि त्या दिवशी नुसता भात खाल्ला. मला फार वाईट वाटलं, कारण विचारायचं काम माझं होतं.

म्हणून हॉटेलच्या माणसाकडून व्हिएतनामी भाषेत एक कागद लिहून घ्या: मांस नको, मासे नकोत, नुओक माम नको, कालवांचं सॉस नको, हाडांचं पाणी नको. अंडं खात नसाल तर तेही लिहा. कालवांचं सॉस परतलेल्या पालेभाज्यांत असतं आणि दिसत नाही. हा कागद बुकिंगच्या वेळी पाठवा आणि क्लासच्या दिवशी सकाळी पुन्हा हातात द्या. त्या देशात शाकाहार नवा नाही. तिथले बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांस वर्ज्य करतात. कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत. आपल्या जैन मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. पौर्णिमेच्या सुमाराचा क्लास घेतला तर 'चाय' म्हटल्यावर समोरच्याला लगेच उमगतं, शिवाय पौर्णिमेच्या आदल्या रात्री होई आनच्या जुन्या गावात दिवे मालवून कंदील लावतात, तेही बघायला मिळतं.

क्लास सकाळचाच घ्या. आठला सुरू होऊन एकपर्यंत संपतो आणि आधी बाजारात नेतात. बाजार हा निम्मा क्लास आहे. फक्त मासळी आणि मटणाच्या गल्लीतून जावं लागतं, टोपल्यांत जिवंत मासे उड्या मारत असतात. अक्काला ते सोसेना. शिकवणाऱ्या बाईंना मी सांगितलं, तर त्यांनी आम्हाला बाहेरच्या वाटेने थेट भाजीवाल्या बायकांकडे नेलं. तुम्हीही सांगा, कोणी वाईट मानत नाही.

त्या भाजीवाल्यांसमोर मी हरखून गेले. पाल्याचे ढीगच ढीग, आणि त्यातला निम्मा पाला माझ्या ओळखीचा. गवती चहा! आपण त्याची पाती चहात टाकतो. ते पाती टाकून देतात आणि बुडाचा पांढरा, गाभ्याचा भाग बारीक चिरून स्वयंपाकात घेतात. जांभळट दांड्याची जी तुळस ते रोलमध्ये घालतात, ती आपल्या सब्जाच्याच जातीची. सब्जाचं बी आपण भिजवतो, पाला मात्र कोणी खात नाही. मी आल्याबरोबर कुंडीत सब्जा पेरला. कोथिंबीर-पुदिना तर घरचेच. बाजारात असताना प्रत्येक पाल्याचं एक पान तोडून चुरगळा, वास घ्या आणि आपल्याकडचं काय जवळचं ते तिथेच वहीत लिहा. ही वही घरी आल्यावर छापील पाककृतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. वेळ असेल तर होई आनजवळच्या त्रा क्वे गावातले वाफे बघून या. नदीतलं शेवाळ काढून ते वाफ्यांना खत म्हणून घालतात.

शिकवणाऱ्या बाई माझ्याएवढ्याच होत्या. तिथे नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आपल्यासारखंच नातं लावतात. वयाने थोडी मोठी असेल तिला 'ची', म्हणजे ताई. आम्ही त्यांना ची म्हटलं आणि त्यांचा चेहराच बदलला. जाताना घरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती, ती दोन्ही हातांनी दिली. तिथे मोठ्यांना काही देताना दोन्ही हात लावतात.

त्या चटणीमुळेच सगळ्यात मोठा धडा मिळाला. त्यांच्या जेवणात शेंगदाणे फार. रोलच्या सॉसमध्ये, कोशिंबिरीवर, शेवयांवर. चीने भाजलेले, सालं काढलेले दाणे माझ्या खलबत्त्यात टाकले. सोलापूरच्या बाईला शेंगदाणे कुटायला कोणी शिकवायला नको, असं मनात म्हणत मी दणादण कुटायला लागले. आपली चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची, गोळा झाला पाहिजे. चीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि थांबवलं. तिच्या खलबत्त्यात दाणे नुसते फुटलेले होते, एका दाण्याचे पाच-सहा तुकडे, तेलाचा पत्ता नाही. मग तिने माझा कूट चाखला, चटणी चाखली आणि मान हलवत हसली. तिच्याकडे दाणा दाताखाली यायला हवा, कारण बाकी सगळं मऊ आणि ओलं असतं. आपली चटणी कोरड्या भाकरीवर येते, तिथे तेल हवंच. दाणा तोच, काम वेगळं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. यासाठीच स्वतःचा खलबत्ता आणि स्वतःची शेगडी लागते. चुकायला मिळालं पाहिजे आणि शेजारी थांबवणारं कोणी पाहिजे.

वाटीचा उपयोगही तिथेच झाला. ची अंदाजाने घालत होती. तिने हातात घेतलेलं पीठ मी आधी माझ्या वाटीत ओतायला लावलं आणि लिहून घेतलं. बान्ह सेओसाठी एक वाटी तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, पाव वाटी नारळाचं दूध, चिरलेली कांद्याची पात, मीठ आणि पळीतून पाण्यासारखं पडेल इतकं पाणी. पीठ अर्धा तास ठेवायचं. तवा चांगला तापला की तेल सोडून पीठ ओतायचं आणि तवा फिरवायचा, घावनासारखं. 'सेओ' हे नावच त्या चर्र आवाजावरून पडलं आहे. आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही, थांबा. वर मशरूम, मोड आलेले मूग, झाकण दोन मिनिटं, मग झाकण काढून कडा सुटेपर्यंत धीर धरायचा आणि दुमडायचं. उलटायचं नाही. मुगाचे मोड मात्र त्यांच्यासारखे लांब हवेत. त्यासाठी मूग अंधारात, वर वजन ठेवून चार-पाच दिवस वाढवावे लागतात आणि रोज दोन-तीनदा पाण्याने धुवावे लागतात. मी पाव वाटी ज्वारीचं पीठही घालून बघितलं, कडा अधिक कुरकुरीत झाल्या.

सॉसमध्ये नुओक मामच्या जागी चीने आम्हाला सोया सॉस दिलं. प्रमाण लिहून घ्या: सोया सॉस, लिंबाचा रस आणि साखर एकेक भाग, पाणी तीन भाग, वर ठेचलेला लसूण आणि मिरची. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवा. लिंबू चवीवर बदला, त्यांचं हिरवं लिंबू आणि आपलं सारखं नसतं. केळफूल तिथे कच्चंच खातात. अगदी पातळ चिरून लगेच लिंबाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं.

रोलचा तांदळाचा कागद पाण्यात भिजत ठेवू नका. बुडवून लगेच काढा, पाटावर पसरेपर्यंत तो आपोआप मऊ होतो. पहिले तीन माझे फाटले. हा कागद कसा करतात ते दाखवणारं घर होई आनजवळ आहे का असं चीला विचारलं, ती घेऊन गेली. उकळत्या भांड्यावर ताणून बांधलेलं फडकं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ, झाकण, मिनिटभराने काडीने उचलून बांबूच्या जाळीवर वाळत. अक्का ओरडलीच, "अगं, या तर सालपापड्या!" खरंच, उन्हाळ्यात आपण सालपापड्या अशाच वाफवतो. अक्काने तिथल्या बाईंकडे खुणेनेच एक ओली मागितली आणि उभ्या उभ्या खाल्ली. सगळ्या प्रवासात तिने सगळ्यात आवडीने खाल्लेली गोष्ट तीच.

येताना तांदळाच्या कागदाचे चार गठ्ठे, पपई-गाजर किसायची लांब दात्यांची सोलणी आणि कॉफीची धातूची गाळणी एवढंच आणा. नुओक मामची बाटली कोणासाठी आणायचीच असेल तर विमान कंपनीला आधी विचारा, वासामुळे ती बऱ्याचदा चालत नाही. कागदाचे गठ्ठे कडांनी फुटतात. आम्ही ते अंथरायला नेलेल्या सोलापुरी चादरीत गुंडाळले आणि बॅगेच्या मधोमध ठेवले. एकही तुटला नाही. घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत पहिल्यांदा करून बघा, तोवर हाताला लक्षात असतं. मी दुसऱ्याच रविवारी केलं, पाचवं धिरडं नीट सुटलं.