ॲनोड कोणता, कॅथोड कोणता? लिंबू आणि मोरचूद घेऊन घरीच ओळखा

बारावीची पोरं हमखास अडकतात ती इथंच. बॅटरीत ॲनोड ऋण आणि विद्युत अपघटनात, म्हणजे बाहेरून वीज देऊन रासायनिक क्रिया घडवताना, तोच धन, हे कसं? पाठ करत बसू नका. प्लस-मायनस बाजूला ठेवून एवढंच पाहा, इलेक्ट्रॉन कुठे सुटतात? जिथे सुटतात, म्हणजे ऑक्सिडीकरण होतं, तो ॲनोड. जिथे घेतले जातात, म्हणजे क्षपण होतं, तो कॅथोड.

आधी वीज देणारा घट. कागदी लिंबू हलक्या हाताने दाबून लोळवा. (जळगावच्या उन्हाळ्यात लिंबं महाग झाली असतील तर बटाट्यावर भागवा.) एकीकडे कुंपणाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा तुकडा खोचा, दुसरीकडे तांब्याची तार. आत दोघांचा स्पर्श नको. तार मोटार रिवायंडिंगवाल्याकडची असेल तर तिच्यावर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर असतो. पॉलिश पेपरने लख्ख घासा, नाहीतर मीटर ढिम्म राहील. मल्टिमीटरची लाल पिन तांब्याला आणि काळी जीआयला लावली की साधारण ०.९ ते १ व्होल्ट दिसतं. जीआयवरचं जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ते ॲनोड आणि ऋण. तांब्यापाशी रसातले हायड्रोजन आयन ते इलेक्ट्रॉन घेतात, म्हणून तांबं कॅथोड. या लिंबाचं सरबत मात्र करू नका, त्यात जस्त उतरलेलं असतं.

आता वीज खाणारा घट, म्हणजे विद्युत अपघटन. बोर्डो मिश्रणासाठी कृषी केंद्रात मोरचूद (कॉपर सल्फेट) मिळतं. ते चमचाभर घेऊन काचेच्या पेल्यात विरघळवा. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात गढूळपणा येतो. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला आणि तो पेला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. दीड व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला तांब्याची तार जोडा, ऋण टोकाला दोन्हीकडून तासलेली पेन्सिल. काही मिनिटांत द्रावणात बुडालेल्या ग्रॅफाइटच्या टोकावर तांबूस थर धरतो. पेन्सिलीऐवजी लोखंडी खिळा वापरू नका. त्याच्यावर वीज न देताही तांबं चढतं आणि तुमची फसगत होते. इथे सेल तारेतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तार झिजते. लिंबात कॅथोड असलेलं तांबं इथे ॲनोड झालं, तेही धन टोकाला. भिंतीवरच्या सॉकेटची वीज या प्रयोगाला चुकूनही लावायची नाही.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीत हे दोन्ही प्रकार चालतात. लाइट गेल्यावर ऋण खुणेची प्लेट ॲनोड असते. लाइट येऊन चार्जिंग सुरू झालं की तीच कॅथोड होते, खूण मात्र ऋणच राहते.