जोडून सुट्टीत बाइकवर कोकणात निघताय? या चुका टाळा

२६ जानेवारी सोमवारी आली की शनिवारी पहाटे पुण्यातल्या कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खंबाटकी घाटापर्यंत बॅगा बांधलेल्या बाइक दिसायला लागतात. बहुतेकांचा रस्ता ठरलेला: सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. पुढे कुणी वेंगुर्ल्याला, कुणी मालवणला, कुणी बांद्यावरून गोव्यात. मीही बरीच वर्षं याच रस्त्याने जातोय. घाटात बंद पडलेल्या ज्या गाड्यांपाशी थांबलो, त्यांतल्या बऱ्याचशा आठवडाभर आधीपासून तक्रार सांगत होत्या. निघायच्या घाईत कुणी ऐकली नव्हती, एवढंच.

आदल्या संध्याकाळी सर्व्हिसिंग

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती जबाबदार माणसंच करतात. शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये आधीच गर्दी असते. मेकॅनिक चेन ताणून देतो, ऑइल बदलतो, गाडी पुसून हातात देतो. ती नीट झाली की नाही हे पाहायला आपल्याकडे वेळच उरत नाही. सर्व्हिसिंग निदान आठ-दहा दिवस आधी करून घ्या आणि मग शंभरेक किलोमीटर चालवा. ऑइल गळतंय का, ब्रेक घासतोय का, एखादा नट ढिला राहिलाय का, हे सगळं त्या शंभर किलोमीटरमध्ये कळतं. नवा टायर टाकायचा असेल तर तोही तेव्हाच टाका. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो. तो थोडा घासला जाईपर्यंत वळणावर गाडी झुकवायची नाही, आणि आंबोलीत तर वळणांशिवाय दुसरं काही नाही.

चेनबद्दल जरा सविस्तर सांगतो. गाडी रिकामी उभी असताना चेन घट्ट करून घेतली आणि मग मागे माणूस बसला, बॅगा चढल्या, की मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. खड्ड्यात तर ती तारेसारखी ताठ होते. मग साताऱ्याच्या पुढे एक बारीक घरघर सुरू होते, आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), बेअरिंग सगळ्यांवर त्याचा ताण येतो. चेनचा ढिलेपणा किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना तो २० ते ३० मिलिमीटर असतो. तेवढा ठेवा आणि नेहमीच्या वजनासह गाडीवर बसून कुणाला तरी एकदा चेन बोटाने हलवून बघायला सांगा. थोडी तरी हलली पाहिजे. दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे या प्रवासात मुक्कामाला पोहोचल्यावर, चेनला ल्यूब मारा. चेन कोमट असताना मारलं की ते आतवर जातं.

क्लच केबलकडे दुर्लक्ष

माझी केबल तुटली ती परतीच्या वाटेवर, आंबोली चढून आजऱ्याच्या दिशेने येताना. लिव्हर दाबली आणि ती सैल पडली, हाताला काही लागेचना. तुटलेलं टोक बाहेर काढून पाहिलं. लिव्हरच्या खोबणीत बसणाऱ्या धातूच्या गोळीच्या मुळाशी तारांचा पीळ उसवला होता. बऱ्याच तारांची टोकं गंजून काळी पडली होती, म्हणजे त्या केव्हाच तुटल्या होत्या. फक्त दोन-तीन टोकं चकचकीत होती. त्या दोन-तीन तारांवर मी चार घाट केले होते.

आधी लक्षणं दिसत नव्हती का? दिसत होती. महिनाभर क्लचचा प्ले, म्हणजे लिव्हर दाबताना सुरुवातीला जाणवणारा ढिलेपणा, वाढत होता आणि मी नॉब फिरवून तो भरून काढत होतो. दर आठवड्याला क्लच ॲडजस्ट करावा लागत असेल तर समजा, केबल जात्येय. लिव्हरजवळचं रबर मागे सरकवा, टॉर्च मारून तारा बघा. एक जरी उसवलेली दिसली तरी बदला.

नवी केबल काही शे रुपयांत मिळते. आणखी एक उपाय मी तेव्हापासून पाळतो: दुसरी केबल जुन्या केबलच्या जोडीनेच गाडीवर टाकून, झिप टायने बांधून ठेवायची. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम.

जवळ केबल नसेल आणि गॅरेज लांब असेल तर घाबरू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, पायाने ढकलत किंवा उतारावर थोडा वेग घ्या आणि पहिला गिअर टाका. पुढचे गिअर क्लचशिवाय पडतात: पायाने गिअर लिव्हरवर हलका दाब ठेवून ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा. थांबायचं झालं की आधीच न्यूट्रल. हे रिकाम्या रस्त्यावर, जवळच्या गावापर्यंतच करा. भर वाहतुकीत नको. मी असाच आजऱ्यापर्यंत आलो. सुट्टीमुळे दुकानं बंद होती. एका मेकॅनिकने घरून येऊन शटर उघडलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पहाटेचा अंधार आणि उसाचे ट्रॅक्टर

जानेवारीत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, कधी रिफ्लेक्टरही उसाखाली झाकलेला असतो, आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. कराडच्या पुढे नदीकाठी धुकं असलं तर ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे मधेच सर्व्हिस रोडवर उतरवणारी वळणं. त्यामुळे पहाटे तीनला निघून ‘रिकामा रस्ता मारू’ हा हिशेब मला मुळीच पटत नाही. साडेपाचला निघा. खंबाटकी ओलांडेपर्यंत झुंजूमुंजू होतं.

थंडीसाठी नवं जॅकेट घ्यायलाच हवं असं नाही. आहे त्या जॅकेटवरून रेनकोट चढवा, वारा अडला की निम्मी थंडी गेली. हातमोजे मात्र चांगले हवेत. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो.

सामान बांधताना

हुकवाल्या लवचिक दोऱ्या सैल सोडू नका. हुक निसटला की दोरी थेट चेनमध्ये किंवा चाकात जाते. पट्ट्यांची टोकं आत खोचा. बॅगचं रेन कव्हर सायलेन्सरला लागत नाही ना, ते बघा. जड वस्तू खाली आणि पुढे ठेवा. सगळं बांधून झालं की सोसायटीतल्या गतिरोधकावरून दोन फेऱ्या मारा. जे हलायचं ते तिथेच हलेल.

हवा सकाळी, टायर थंड असतानाच भरा. डबल सीट असाल तर मागच्या टायरला पुस्तिकेत दिलेली जास्तीची हवा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका.

मोबाइल थेट हँडलला लावायची सवय असेल तर तीही सोडा. इंजिनच्या कंपनांनी कॅमेरा खराब होऊ शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे. कंपन शोषणारा माउंट मिळतो, तो वापरा.

घाट उतरताना

आंबोली उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजूनही दिसतात. कृपा करून असं करू नका. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि लिव्हर हाताला मऊ, स्पंजासारखी लागायला लागते. तसं झालं तर मोकळी जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं गाडी निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. निवल्यावरही लिव्हर मऊच लागत असेल तर पुढे जाण्याआधी ब्रेक दाखवून घ्या. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्यापूर्वीच बदला.

सकाळी गाडी सुरूच होत नाही

मुक्कामावर हा प्रसंग हमखास येतो. आधी हँडलवरचा, इंजिन बंद करणारा लाल किल स्विच बघा. रात्री कुणीतरी पोराने गाडीवर बसून तो दाबलेला असतो. मग साइड स्टँड, मग पेट्रोल, मग फ्यूज. जास्तीचे दिवे किंवा चार्जर रिलेशिवाय थेट बॅटरीला जोडले असतील तर संशय तिथेच घ्या.

ग्रुपमध्ये

मागचा आरशात दिसत नसेल तर पुढच्याने थांबायचं, एवढा एकच नियम सगळ्यांना पाठ करा. भेटायच्या जागा आधी ठरवा: कोल्हापूरला तावडे हॉटेलपाशी, निपाणीला पेट्रोल भरताना, मग आंबोलीत. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गांसाठीचा १०३३ हे नंबर मागे बसणाऱ्यालाही माहीत हवेत.

परतीचा दिवस

रविवारी रात्री उशिरापर्यंत गप्पा, सोमवारी सकाळी समुद्रावर एक शेवटची चक्कर, मग अकराला भरपेट मासे खाऊन निघायचं. असं निघालं की कोल्हापुरातच संध्याकाळ होते. पुढे थकलेलं शरीर, समोरून डोळ्यांवर येणारे दिवे, उसाच्या ट्रॉल्या आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर अख्ख्या पुण्याची परतीची गर्दी. टोल बाइकला लागत नाही, पण त्या गर्दीतून सुटका नसते. सोमवारी सहाला सावंतवाडी सोडा. आंबोलीत चहा, दहा-साडेदहाला कोल्हापूर, हलकं जेवण, दीड-दोन तासांनी एक थांबा. चार-साडेचारपर्यंत घरी पोहोचता. उशीर झालाच आणि साताऱ्यात अंधार पडला, तर तिथेच खोली घ्या, मंगळवारी पहाटे निघा. त्यासाठी मंगळवारची अर्ध्या दिवसाची रजा निघण्याआधीच टाकून ठेवा.