डिटेक्टरने सापडलेली चिल्लर: हिशेब कसा ठेवायचा, खर्च कशी करायची

मेटल डिटेक्टर घेऊन मैदानावर दोन तास फिरलं की मूठभर चिल्लर हाती लागते आणि घरी आल्यावर ती बरणीत पडते. वर्षाअखेरीस बरणी भरते, पण कोणतं नाणं कुठल्या झाडाखाली, किती खोल आणि कशाच्या शेजारी निघालं हे कुणालाच सांगता येत नाही. त्या जागी पुन्हा जावं की नाही, हे मात्र त्याच माहितीवरून ठरतं. त्यामुळे नियम एकच: आधी नोंद, मग धुणं, मग खर्च. हा क्रम उलटा झाला की तारीख राहते, पण पुरावा वाहून जातो.

खड्ड्यापाशी

कमरेच्या पिशवीला तीन कप्पे हवेत. एकात चलनातली नाणी, दुसऱ्यात जुनी किंवा न ओळखलेली, तिसऱ्यात कचरा. कचरा तिथेच टाकून येऊ नका. तोच तुकडा पुढच्या खेपेला पुन्हा बीप देईल आणि तुम्ही पुन्हा खणाल. शिवाय कचऱ्याचाही आकडा लागतो, तो कशासाठी ते पुढे येईलच.

नाणं हाती आलं की अंगठ्याने चोळून साल वाचायचा मोह होतो. तो आवरा. मातीतले वाळूचे कण तांब्या-चांदीपेक्षा कितीतरी कठीण असतात. अंगठ्याखाली ते पॉलिश पेपरसारखे चालतात आणि नाण्याच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे चेहऱ्यावर आणि अक्षरांवर, बारीक रेघा उमटतात. चलनातल्या नाण्याचं त्याने काही बिघडत नाही. जुन्याचं कायमचं बिघडतं, आणि मातीने माखलेलं नाणं कोणतं आहे हे त्या क्षणी कळत नसतं. शंका आली तर मातीसकट छोट्या डबीत कापसावर ठेवा.

जागेचा कोड आधीच ठरवा: मैदानाचं एक अक्षर, त्यातल्या पट्ट्याचा आकडा. फोनवरून अक्षांश-रेखांश घेताना दशांश अंशात घ्या. चौथ्या दशांश स्थानाचा एक आकडा जमिनीवर सुमारे ११ मीटर, पाचव्याचा सुमारे १ मीटर. फोनचं जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतं, म्हणून पाच स्थानं पुरेत. सातवं-आठवं स्थान लिहिणं ही नुसती हौस झाली.

पडद्यावर दिसलेला टार्गेट आयडी (धातू कोणता असावा हे सुचवणारा मशीनचा आकडा) आणि खोली लगेच टिपून ठेवा. त्याच्याशेजारी मशीनची सेटिंगही हवी, विशेषतः लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन चालू होतं की बंद. बऱ्याच देशांची कमी किमतीची नाणी आता पोलादाची असतात. युरोचे १, २ आणि ५ सेंट तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत, ब्रिटनचे १ आणि २ पेन्स १९९२पासून पोलादावर तांबं चढवून येतात, आणि भारतातही स्टेनलेस स्टीलची नाणी सर्रास चालतात. लोखंड गाळलं की यातली बरीचशी गप्प राहतात. सेटिंग लिहिलेली नसेल तर ‘या मैदानात कमी किमतीची नाणी नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत कायमचा बसतो.

एकाच खड्ड्यातून जुनी नाणी एकामागून एक निघू लागली तर थांबा. पुढे खणू नका. फोटो काढा, माती परत लोटा, जागा लक्षात ठेवा आणि कळवा. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार एकाच शोधात सापडलेली, ३०० वर्षांपेक्षा जुनी, दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची नाणी ‘ट्रेझर’ धरली जातात आणि १४ दिवसांत कळवावी लागतात. भारतात १८७८चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत लपलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ही रक्कम इतकी छोटी आहे की जवळपास कोणताही खरा शोध तीत बसतो. जमीनमालकाची परवानगी त्याआधी, आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात डिटेक्टर नेऊच नये.

घरी: पाणी, चुंबक, काटा

त्या दिवसाची नाणी एका भांड्यात साध्या पाण्यात तासभर भिजवा. माती सुटली की वाहत्या पाण्याखाली धरा. ब्रश अजून नको. कपड्यावर पसरून वाळवा आणि मग चुंबक फिरवा. चिकटलेली पोलादी नाणी वेगळी करा. उरलेल्यांत तांबूस एकीकडे, पांढरी दुसरीकडे, पिवळी तिसरीकडे.

काळं पडलेलं पांढरं नाणं ही नेहमीची अडचण. तिथे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा कामाला येतो. उदाहरणार्थ अमेरिकेचं २५ सेंटचं नाणं. १९६४पर्यंतच्या सालाचं ९० टक्के चांदीचं, नवं असताना ६.२५ ग्रॅम. १९६५पासूनचं नेहमीचं नाणं म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे थर, ५.६७ ग्रॅम. मातीने साल झाकलं असलं तरी काटा ६.१ दाखवतो आणि कडेवर तांब्याची रेघ दिसत नाही, तेव्हा ते नाणं लगेच जुन्या नाण्यांच्या कप्प्यात जातं. झिजलेलं नाणं हलकं भरतं हे ध्यानात ठेवून नव्या नाण्याच्या वजनाशी तंतोतंत जुळण्याचा आग्रह धरू नका. उलट अपेक्षेपेक्षा जड भरलं तर आधी चिकटलेली माती बघा.

अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यातही असाच बदल १९८२मध्ये झाला: आधी ९५ टक्के तांबं, ३.११ ग्रॅम, नंतर तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं जस्त, २.५ ग्रॅम. मुलाम्याला कुठे चीर पडली की ओली माती आतलं जस्त खाऊन टाकते. कडा कुरतडलेलं, फोड आलेलं, कधी आरपार भोक पडलेलं नाणं निघालं तर ते बहुधा हेच. टार्गेट आयडीही त्यामुळे घसरतो.

वही

संगणकावरची शीट असो की कागदी वही, दोन तक्ते ठेवा. एक खेपांचा, एक नाण्यांचा. सगळं एकाच तक्त्यात कोंबलं की महिन्याभरात लिहिणं बंद पडतं.

खेपांच्या तक्त्यात प्रत्येक फेरीची एक ओळ: तारीख, जागेचा कोड, प्रत्यक्ष शोधलेला वेळ, जमीन ओली की कोरडी, सेटिंग, प्रत्येक किमतीची किती नाणी, एकूण दर्शनी मूल्य, कचऱ्याचे तुकडे. वेळ लिहिताना चहाची आणि गप्पांची मिनिटं वजा करा, नाहीतर ताशी आकडा खोटा निघतो.

नाण्यांच्या तक्त्यात फक्त राखून ठेवायची नाणी जातात. नमुना असा:

म३-०१४ | २५ सेंट | साल १९६२ | ६.१२ ग्रॅम | खोली १४ सेंमी | आयडी ८६–८८ | मूळ स्थितीतला फोटो आहे | फक्त पाणी | शेजारी बाटलीचं बूच

शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये. खालच्या थरात नाण्याशेजारी काय होतं, यावरून ती माती नंतर उलथवली गेली होती का, याचा अंदाज येतो. चौदा सेंटिमीटरवर १९६२चं नाणं आणि त्याच्याही खाली कालचं प्लॅस्टिक असेल, तर तिथली खोली काळाबद्दल काहीच सांगत नाही. एरवीही खोलीवर फार भिस्त नको. गांडुळं आणि भुसभुशीत माती नाणं खाली नेतात, टणक जमीन वरच अडवते.

नाण्याच्या पिशवीत कोड लिहिलेली कागदी चिठ्ठी घाला. पिशवीवर मार्करने लिहिलेलं पुसलं जातं.

वीसेक खेपा झाल्या की तक्ता बोलू लागतो. ताशी नाणी आणि नाण्यामागे कचरा हे दोन आकडे जागांची तुलना करायला पुरतात. ताशी नाणी हळूहळू घटत असतील आणि कचराही तितकाच घटत असेल, तर जागा संपत आली. नाणी घटली पण कचरा तसाच असेल, तर सोपी नाणी उचलून झाली आणि आता कचऱ्याच्या सावलीतली, म्हणजे शेजारच्या कचऱ्याच्या सिग्नलमागे लपलेली उरली. तिथे छोटी कॉइल (मशीनची जमिनीवरून फिरवायची चकती) लावून सावकाश फिरणं फायद्याचं. सालांची यादी मांडून बघणंही मोलाचं आहे. साल ही फक्त खालची मर्यादा: १९८५चं नाणं १९८५पूर्वी पडलेलं नसतं, पण २०१०मध्ये पडलेलं असू शकतं. एकत्र पुरलेल्या साठ्याचा काळही त्यातल्या सर्वांत नव्या नाण्यावरून धरतात.

खर्चायची नाणी धुणं

हे फक्त चलनातल्या, साधारण सालाच्या नाण्यांसाठी. दगड घासायचा छोटा टंबलर सर्वांत सोयीचा. नाणी आणि मत्स्यालयात घालतात तसे बारीक खडे समान मापाने घ्या. पिंप निम्म्याहून थोडं जास्त भरावं, दोन-तृतीयांशच्या वर नको. वर बुडेल इतकंच पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. तासाभराने काळं पाणी ओता, नवं घाला, आणखी दोन तास चालवा. मधूनमधून नाणं काढून बघा. जास्त फिरवलं की छाप बोथट होते.

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली: तांब्याची आणि पांढरी नाणी एकत्र टाकणं. तांब्याचा अंश पांढऱ्या नाण्यांवर चढतो आणि सगळी गुलाबी होऊन बाहेर येतात. ही चूक निस्तरायला धुण्याच्या दुप्पट वेळ जातो. तांबूस, पांढरी, पोलादी असे तीन घाणे वेगळे, आणि प्रत्येकाचे खडेही वेगळे.

दुसरी: बंद पिंपात व्हिनेगर घालणं. आम्लाचा जस्त आणि लोखंडाशी संबंध आला की हायड्रोजन सुटतो, पिंपात दाब वाढतो आणि झाकण उडतं. व्हिनेगर वापरायचंच तर उघड्या काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, चिमूटभर मीठ घालून, पाच-दहा मिनिटं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा आणि भरपूर धुवा. जस्ताची नाणी त्यात घालूच नका.

तिसरी: पोलादी नाणी ओली ठेवणं. घासून मुलामा विरळ झालेला असतो. रात्रभरात तांबेरा धरतो. काढल्या काढल्या पुसा, हवं तर गरम हवेवर वाळवा.

राखायची नाणी

डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, माती आपोआप सुटेपर्यंत थांबा. हट्टी कण लाकडी टूथपिकच्या ओल्या टोकाने. इथेच थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हे त्याचं कवच आहे. तो काढला की अक्षरंही जातात. फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने झडणारी पुटकुळी मात्र वेगळी. तो क्लोराइडमुळे होणारा रोग आहे आणि दमटपणात वाढत जातो. असं नाणं बाकीच्यांपासून दूर, सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा. खाऱ्या वाळूतून निघालेल्या नाण्यांवर आठवडे-महिने नजर ठेवा.

मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यातून झिरपणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. मायलर (पॉलिएस्टरची पातळ फिल्म) किंवा पॉलिथिनची पाकिटं चालतात.

खर्च

आधी नाणं अजून चलनात आहे ना, ते बघा. भारतात २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून बंद झाली. ब्रिटनचा जुना गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७नंतर दुकानात चालत नाही. अशी नाणी दर्शनी मूल्याच्या बेरजेत धरू नका.

मोजणीच्या किंवा विक्रीच्या यंत्रात फक्त स्वच्छ, कोरडी, सपाट नाणी घाला. वाळूचे चार कण यंत्र अडकवायला पुरतात. यंत्र वजन, व्यास आणि धातू तपासतं, त्यामुळे कुरतडलेलं नाणं दहा वेळा घातलं तरी ते दहा वेळा परत येतं. डागळलेली पण शाबूत नाणी माणसाच्या हाती द्यावीत, आणि मूठभर नव्हे. चार चांगल्यांत एक.

वितळवून धातू विकायचा विचार करण्याआधी कायदा वाचा. अमेरिकेत एक आणि पाच सेंटची नाणी वितळवायला २००७च्या नियमाने मनाई आहे. इतर देशांतही अशी बंधनं आहेत.

सापडलेल्या पैशांची बरणी घरच्या सुट्या पैशांपासून वेगळी ठेवा आणि त्यातून बॅटरी, हेडफोन, कॉइलचं कव्हर अशा गोष्टींचाच खर्च करा. वहीत ‘सापडले’, ‘खर्चले’, ‘राखले’, ‘निकामी’ असे चार रकाने ठेवले की पहिल्यातून उरलेले तिन्ही वजा करून बरणीतली रक्कम यायला हवी. राखलेल्या नाण्यांची संग्राहकी किंमत यात मिळवू नका. विकलं जाईपर्यंत ते दर्शनी किमतीचंच. वर्षातून दोनदा बरणी ओतून मोजा. फरक आला तर तो बहुतेक वेळा घरच्याच कुणी रिक्षासाठी सुटे काढल्याचा असतो, म्हणून बरणीच्या झाकणाला एक पेन्सिल बांधून ठेवा.