दिवसभर उभं राहता म्हणून कॅलरीच्या हिशेबात १.५५ लावू नका

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात दहा तास उभं राहिलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी दुखतात, यात खोटं काही नाही. पण पाय दुखले म्हणजे कॅलरी जळल्या असं नसतं. रोज किती कॅलरी लागतात याचा हिशेब बहुतेकांचा इथेच फसतो.

सूत्र सोपं आहे, मिफ्लिन-सेंट जिओर यांचं, १९९० सालचं. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. ७० किलो, १७० सेंमी, ३५ वर्षांच्या सेल्समनचं उत्तर येतं साधारण १५९० कॅलरी. हा नुसतं पडून राहिल्याचा खर्च. त्याला हालचालीचा गुणक लावायचा: बैठं काम १.२, हलकी हालचाल १.३७५, मध्यम १.५५.

आपला सेल्समन ‘मी तर बसतच नाही’ म्हणून १.५५ निवडतो. उत्तर २४७०. खरं उत्तर २१९० च्या आसपास. रोजचे २८० जास्त, म्हणजे महिन्याला किलोभर वजन. १.५५ हा आठवड्यातले तीन ते पाच दिवस नेमाने चांगला व्यायाम करणाऱ्याचा गुणक आहे. शिक्षक, सेल्समन, सलूनवाले यांनी १.३७५ च धरावा आणि शंका असेल तर त्याहून खालचा.

रंकाळ्यावरचा फेरफटका वेगळा मिळवू नका. १.३७५ मध्ये तो आलेलाच आहे. घड्याळाने दाखवलेले दोनशे पुन्हा जोडले की एकच चालणं दोनदा मोजलं जातं.

आता तेल. भाकरी मोजतील, भात मोजतील, पण कढईत तेल सोडताना चमचा कुणी धरत नाही. एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे १२० कॅलरी. प्रत्येक फोडणी मोजणं कुणाला जमत नाही, म्हणून डब्यावर तारीख घाला. पाच लिटरचा डबा चौघांच्या घरात तीस दिवसांत संपला, तर तेल झालं सुमारे ४६०० ग्रॅम. गुणिले ९ (एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी), भागिले ३०, भागिले ४: माणशी रोज जवळपास ३४५ कॅलरी. यात बाहेरच्या मिसळीचा कट धरलेला नाही. पोराबाळांचा वाटा कमी असतो, तेव्हा मोठ्यांनी आपला आकडा थोडा वरच धरावा.

भात कच्चा मोजला तर कच्च्याचाच आकडा घ्या. १०० ग्रॅम तांदळाच्या ३५० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅमच्या १३० च्या आसपास. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध हे पाणी नव्हे, अन्न आहे. पेलाभर प्यायलात तर लिहा. पैलवानाचा खुराक मेहनत करणाऱ्यालाच पचतो.

सूत्राचं उत्तर अंदाज आहे, खरा आकडा वजनकाटा देतो. पण तीन दिवसांत आकडा बदलणाऱ्यांना तो कधीच सापडत नाही. तीन आठवडे ठरलेला आहार घ्या. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. पहिला आठवडा सोडून द्या, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची सरासरी ताडून बघा. सरासरी पाव किलोने उतरली, तर ०.२५ गुणिले ७७०० (किलोभर वजनामागे साधारण इतक्या कॅलरी), भागिले ७: तुम्ही रोज २७५ कमी खाताय. तेवढे मिळवले की तुमची गरज कळली. बायकांनी पाळीच्या त्याच टप्प्यातली वजनं ताडावीत, म्हणजे महिनाभर थांबावं लागेल, थांबा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारूनच आकडा ठरवावा.

रविवारी तांबडा-पांढरा झाला की सोमवारी काटा किलोभर वर जातो. ते मीठ आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी. सोमवारी जेवण तोडू नका, बुधवार-गुरुवारपर्यंत ते उतरतं.