बरोसाच्या वाइन सहलीला निघण्यापूर्वी: तयारीची यादी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात वाइन चाखण्याच्या सहलीला जाणाऱ्याने पहिला निर्णय संख्येचा घ्यावा: दिवसाला किती वाइनरी पाहायच्या. माझे उत्तर तीन असे आहे आणि या यादीतील बहुतेक सूचना त्या तीनच्या आकड्याभोवती फिरतात. चाखण्यासाठी पेल्यात साधारण 30 मिली वाइन ओततात आणि एका ठिकाणी पाच प्रकार समोर येतात, म्हणजे तीन ठिकाणी मिळून 450 मिली. बरोसाच्या शिराझमध्ये, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या लाल वाइनमध्ये, मद्यार्क 14 टक्के किंवा त्याहून जास्त असतो, तेव्हा सगळे घोट गिळले तर ऑस्ट्रेलियातील हिशेबाने, म्हणजे 10 ग्रॅम मद्यार्काचे एक माप धरून, पाच मापे पोटात जातात. तिथे वाहन चालवताना रक्तातील मद्यार्काची मर्यादा 0.05 टक्के असल्यामुळे चालक आणि मार्गदर्शकासह सहल घेण्याला दुसरा शहाणा पर्याय नाही. आमच्या पहिल्या खेपेला आयोजकाने एका दिवसात पाच वाइनरी बसवल्या होत्या. चौथ्या ठिकाणी माझ्या वहीत ‘चांगली’ एवढाच शब्द आहे आणि पाचव्या ठिकाणचे पान कोरे आहे.

म्हणून आयोजकाशी बोलताना काही प्रश्न आधीच विचारावेत. चाखण्याचे शुल्क सहलीच्या रकमेत धरले आहे का, प्रत्येक ठिकाणी किमान तासभर मिळेल का, दुपारचे जेवण दुसऱ्या वाइनरीनंतर लगेच आहे की तिसरीनंतर तीन वाजता, आणि सेलर डोअरचे, म्हणजे वाइनरीतील चाखण्याच्या दालनाचे, आरक्षण कोणी करायचे. बहुतेक दालने सकाळी 10 ते संध्याकाळी 5 उघडी असतात. छोटी, घरगुती दालने आठवड्यातले काही दिवस बंद असतात आणि सहा-आठ जणांहून मोठ्या गटाला आगाऊ कळवल्याशिवाय घेत नाहीत. बरोसा हे ॲडलेड शहराच्या ईशान्येला साठ-सत्तर किलोमीटरवर असल्याने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. तरी एक रात्र टानुंडा किंवा अँगास्टन या तिथल्या गावांत काढणे अधिक चांगले, कारण सर्वांत शांत वेळ सकाळची असते आणि जीभही तेव्हाच ताजी असते.

ऋतूचा विचार करताना आपले पंचांग उलटे करून घ्यावे. तोडणीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असा चालतो. त्या काळात वाइनरीत आंबवणीचा वास असतो, ट्रॅक्टर धावत असतात आणि वाइन करणारी माणसे भेटली तरी घाईत असतात. जून ते ऑगस्ट थंडी, पाऊस आणि छाटणी. पाने नसतात, पण कोणी तरी तासभर निवांत बोलते. मला मार्चचा शेवट किंवा एप्रिल आवडतो, कारण जानेवारी-फेब्रुवारीत पारा चाळिशी ओलांडू शकतो आणि तापलेल्या दुपारी भारदस्त लाल वाइन चाखण्यात काही राम नाही. 1947 पासून चालत आलेला बरोसा व्हिंटेज उत्सव एक वर्षाआड, विषम सालात, ईस्टरच्या आसपास भरतो; त्या दिवसांत जायचे असेल तर मुक्काम फार आधी ठरवावा. ॲडलेडचे घड्याळ आपल्यापेक्षा चार तास पुढे असते, ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच तास. फरक थोडा असला तरी उतरल्या दिवशी चाखणे ठेवू नये. विमानातल्या कोरड्या हवेने नाक बंद झालेले असते आणि वाइनचा निम्म्याहून अधिक अनुभव नाकाचा असतो.

व्हिसा, विमा आणि तिकिटे यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. पादत्राणांबद्दल मात्र आहे, आणि नाशिक, सांगली किंवा सोलापूरकडील ज्या वाचकांची स्वतःची द्राक्षबाग आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा फिलॉक्सेरा नावाचा मावावर्गीय कीटक एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करून गेला. 1877 मध्ये तो व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगजवळ सापडला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1899 मध्येच त्याविरुद्ध कायदा केला आणि आजतागायत तो कीटक आपल्या सीमेत येऊ दिलेला नाही. म्हणूनच बरोसात आजही कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या वेली आहेत आणि त्यांतील काही शिराझच्या वेली 1843 मध्ये लावलेल्या आहेत. बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीच्या ढेकळातून हा कीटक प्रवास करू शकतो, तेव्हा बागेत वापरलेले बूट घरीच ठेवावेत आणि नवे किंवा कोरडे, ब्रशने घासलेले बूट न्यावेत. विमानातल्या प्रवेशपत्रकात गेल्या 30 दिवसांत शेतात गेला होता का असा प्रश्न असतो. त्याला खरे उत्तर द्यावे. मेलबर्नला उतरून आधी यारा खोरे पाहण्याचा बेत असेल तर काळजी दुप्पट घ्यावी, कारण तिथे 2006 पासून फिलॉक्सेरा आहे आणि तिथली माती घेऊन बरोसात पाऊल टाकणे हा पाहुणचाराचा अपमान ठरेल. मार्गदर्शकाने आमंत्रण दिल्याशिवाय ओळींमध्ये शिरू नये, फोटोसाठी तर नाहीच.

या वेली जवळून पाहायला मिळाल्या तर द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाचे पाय तिथून हलत नाहीत. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम, मांडव किंवा वाय आकाराचा तारेचा आधार, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा वर्षभराचा हिशेब असतो. तिथे जुन्या शिराझला आणि ग्रेनाश या लाल वाइनच्या द्राक्षाला बऱ्याचदा तारेचा आधारच नसतो. कमरेएवढे, मांडीएवढ्या जाडीचे, पिळवटलेले खोड एकटे उभे असते, साल चिंध्यांसारखी सुटलेली आणि मधूनच खोड पोकळ. वर चार-पाच ओलांडे, म्हणजे मुख्य फांद्या, त्यांवर आखूड छाटलेल्या काड्या. थंडीत वेल झोपी जाते, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच. कित्येक जुन्या बागा आजही कोरडवाहू आहेत, पाऊस बराचसा हिवाळ्यात पडतो आणि वेल खोल मुळांवर उन्हाळा काढते. 2009 पासून बरोसात वयानुसार वेलींची प्रतवारी करतात: 35 वर्षांपुढची ती जुनी, 70 वर्षांपुढची ती तगून राहिलेली, 100 वर्षांपुढची शतायुषी आणि 125 वर्षांपुढची पूर्वज. दहा-पंधरा वर्षांनी बाग काढून नवी लावण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींनी एकराला उत्पन्न किती हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर ऐकून बाटलीची किंमत समजते.

खाण्याच्या वस्तूंचे पथ्य याच कारणासाठी आहे. घरचे लोणचे, मसाले, बियाणे, दुधाचे पदार्थ, वाळवलेल्या वनस्पती, फळे, लाकडी वस्तू हे सगळे प्रवेशपत्रकात नोंदवावे. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतात. न नोंदवता सापडली तर मोठा दंड होतो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. रोजची औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांपुरतीच न्यावीत. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

आता जिभेची तयारी. चाखण्याच्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल, परफ्यूम काही लावू नये, कारण तुमचा मोगरा शेजाऱ्याच्या पेल्यातही उतरतो. तंबाखू, सुपारी, गुटखा आणि पान दिवसभर वर्ज्य. सुपारीने जीभ कषाय झाली की लाल वाइनमधले टॅनिन, म्हणजे तिला तुरटपणा देणारे द्रव्य, कळतच नाही. न्याहारी पोटभर पण सौम्य असावी. बॅगेत पाण्याची बाटली आणि बिनमसाल्याची बिस्किटे ठेवावीत; प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे. चाखण्याचा क्रम बुडबुड्याची, पांढरी, लाल आणि शेवटी गोड, कडक वाइन असा लावलेला असतो. तो मोडू नये.

आपल्याला सर्वांत अवघड जाते ते थुंकणे. चारचौघांत, टेबलापाशी तोंडातले थुंकायचे ही कल्पनाच नको वाटते, आणि तरीही प्रत्येक दालनात त्यासाठी तस्त ठेवलेले असते आणि जाणकार तेच वापरतात. यजमानाचा त्यात अपमान नाही. उलट ‘हा माणूस चाखायला आला आहे’ असे त्यांना वाटते. निघण्याआधी घरी मोरीपाशी पाण्याचा घोट तोंडात खेळवून ओठांचा चंबू करून एका धारेत टाकण्याचा सराव करावा. हसू येईल, पण पांढऱ्या सदऱ्यावर शिराझ सांडण्यापेक्षा ते बरे. त्या दिवशी सदराही गडदच घालावा.

वही-पेन न्यावे आणि नोंदी आपल्या शब्दांत कराव्यात. मार्गदर्शक ब्लॅकबेरी, मलबेरी म्हणतो. आपल्या जिभेच्या आठवणीत जांभूळ, करवंद, काळी मिरी, मनुका, लवंग, चिंचेचा कोळ आहे आणि शिराझला ते चपखल बसते. शेजारच्या ईडन खोऱ्याची रिस्लिंग ही पांढरी वाइन थंड, उंच भागातली. ताजी असताना लिंबाच्या सालीसारखी, आणि बाटलीत वर्षे काढल्यावर तिला चक्क रॉकेलचा वास येतो. रॉकेलच्या स्टोव्हवर चहा होत असलेल्या घरात वाढलेल्या पिढीला तो एका क्षणात ओळखू येतो. ही वाइन बिघडलेली नसते, तोच तिचा लौकिक आहे.

शाकाहारी प्रवाशांसाठी एक सूचना, जी माहितीपत्रकांत सहसा नसते. वाइन स्वच्छ करताना अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशांच्या फुग्यापासून काढलेले आयसिंग्लास वापरण्याची पद्धत आहे. अंडे आणि दूध यांचा उल्लेख लेबलवर शोधावा, पण आयसिंग्लासचा उल्लेख तिथे असेलच असे नाही. त्यामुळे ‘ही व्हीगन आहे का?’ असे सरळ विचारावे. आता बऱ्याच वाइनरी अशी वाइन करतात. जेवण शाकाहारी हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, जैन असल्यास कांदा-लसणाचे स्पष्ट सांगून. गटात न पिणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठी व्हर्जूस, म्हणजे कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, जरूर मागावा. बरोसात तो अभिमानाने करतात आणि पन्ह्यावर वाढलेल्या माणसाला परका वाटत नाही.

पाहण्याच्या जागा दोन चाखण्यांच्या मधे बसवाव्यात, म्हणजे डोके स्वच्छ राहते. मेंगलर टेकडीवरून सारे खोरे एका नजरेत येते आणि पायथ्याला 1842 मध्ये जर्मनभाषक लुथरन कुटुंबांनी वसवलेले बेथनी गाव दिसते. विल्यम्सटाउनजवळच्या धरणाची वक्र भिंत कुजबुजती भिंत म्हणून ओळखली जाते: एका टोकाला हळू बोललेले शंभर मीटरहून दूर, दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना गंमत वाटेल, फक्त इथे छत नाही. वाटेत माउंट लॉफ्टी, उंची 727 मीटर, आणि 1839 चे हानडॉर्फ गाव घेता येते. दिवस हाताशी असेल तर दक्षिणेकडील मॅकलॅरन व्हेल हा वाइनचा प्रदेश आणि पोर्ट विलुंगाचे पिवळट कडे पाहावेत.

सेपेल्ट्सफील्डसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. 1851 मध्ये सुरू झालेल्या या वाइनरीत बेनो सेपेल्ट यांनी 1878 साली एक मोठे पिंप शंभर वर्षे उघडायचे नाही असे ठरवून बाजूला ठेवले, आणि त्यानंतर एकही वर्ष न चुकवता दरवर्षी तसे पिंप ठेवले गेले. तळघरात सालांच्या क्रमाने पिंपे मांडलेली आहेत आणि आगाऊ आरक्षण केल्यास आपल्या जन्मवर्षाच्या पिंपातला घोट चाखता येतो. माझ्या सालाची वाइन पेल्याच्या काचेवरून काकवीसारखी सावकाश उतरली आणि तिचा काळसर पट्टा तिथेच राहिला. तिथले शुल्क वेगळे आणि जास्त असते. आईवडील बरोबर असतील तर त्यांच्या सालासाठी ते खुशाल द्यावे.

कपड्यांबाबत एवढेच, की एप्रिलमध्येही सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी व सनस्क्रीन लागतेच. तिथल्या सॉकेटसाठी तिरक्या पिनांचा प्लग न्यावा. कॉर्कस्क्रू नेऊ नये: 2000 साली शेजारच्या क्लेअर खोऱ्यातील वाइनकारांनी रिस्लिंगला फिरकीचे झाकण लावायचे एकत्रितपणे ठरवले, आणि आता चांगल्या बाटल्यांवरही तेच दिसते. झाकणावरून वाइनचा दर्जा ठरवू नये.

खरेदीचा हिशेब निघण्याआधीच करावा. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येते. एका विक्रेत्याकडून 60 दिवसांच्या आत 300 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा अधिक खरेदी असेल तर विमानतळावर कर परत मिळतो, वाइनवरील खास करासह. पण दोन-तीन बाटल्यांत 300 डॉलर गाठायचे तर बाटल्या महागच घ्याव्या लागतील, तेव्हा केवळ परताव्यासाठी खर्च वाढवू नये. परतावा घ्यायचा असल्यास बॅग देण्यापूर्वी बाटल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवाव्या लागतात, म्हणून पावती हाताशी आणि बाटल्या बॅगेत वरच्या बाजूला ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात त्या चालत नाहीत. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जुन्या सुती साडीच्या दोन-तीन वेढ्यांत गुंडाळावी आणि कपड्यांच्या मधोमध आडवी ठेवावी. जाताना ती साडी बॅगेत न विसरता भरावी. 750 मिलीच्या दोन बाटल्यांनंतर दोन लिटरांत 500 मिली उरतात. गोड, कडक वाइनच्या 375 मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळतात आणि त्यांतली एक त्या जागेत बरोबर बसते.